कोलू पाटील कोहळी : नवेगाव बांधचे निर्माते

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात टेकड्यांच्या कुशीत नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय आहे. १८ व्या शतकाच्या प्रारंभी तो कोलू पाटील कोहळी यांनी निर्माण केला. ते राजे नव्हते, सरदारही नव्हते. ऊस व धान पिकविणाऱ्या आणि तलाव बांधण्यात निष्णात अशा कोहळी समाजातील ते पाटील होते. जागा मात्र त्यांनी अशी हेरली की, टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने बंद होताच पावसाचे पाणी आपोआप कोंडले गेले. सिमेंट नाही, यंत्र नाही. एवढ्या कामी सात देवी बहिणींनी साहाय्य केले अशी लोकश्रद्धा आहे. सभोवतालच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात ते त्यावरूनच.

मातीची पाळ सतत डागडुजी मागते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर पूर्व विदर्भातील असे कित्येक जुने तलाव गाळाने भरले. नवेगावचे पाणी आजही टिकून आहे.

कोलू पाटलांना मृत्यूनंतर लोकांनी देवत्व दिले. तलावाभोवतीच्या एका शिखरावर कोलासूर देव म्हणून त्यांचे स्थान आहे. नावात असुर असला तरी ठाणे देवाचेच आहे.