बोर्देचे नाशिवंत द्रव्य

मूत्रपिंडाच्या काही विकारांत डॉक्टर सी-३, सी-४, सीएच-५० अशा तपासण्या लिहून देतात. त्या चिठ्ठीचे मूळ शोधत मागे गेले की झ्यूल बोर्दे भेटतो. हा बेल्जियमचा, जन्म १८७० चा. १८९४ साली तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफकडे दाखल झाला. मेचनिकॉफचा सारा भरवसा जंतू गिळणाऱ्या पेशींवर. बोर्दे त्याच्याच प्रयोगशाळेत बसून रक्ताच्या सीरमकडे पाहत राहिला. गुरूच्या घरी राहून वेगळी वाट धरणे सोपे नसते.

१८९५ मध्ये त्याने दाखवून दिले, की जंतुनाशक सीरम ५५ अंशांपर्यंत तापवले की निकामी होते. पण त्यात थोडे ताजे, साधे सीरम घातले की पुन्हा कामाला लागते. म्हणजे द्रव्ये दोन. एक उष्णता सोसणारे, दुसरे नाशिवंत. या दुसऱ्यालाच पुढे कॉम्प्लिमेंट म्हणू लागले. १८९८ मध्ये हीच जोडी परक्या तांबड्या पेशीही फोडते, हे त्याला दिसले.

सीएच-५० ही तपासणी त्यावरच उभी आहे. प्रतिपिंडे चढवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींपैकी निम्म्या फोडायला रुग्णाचे किती सीरम लागते, ते मोजायचे. गंमत अशी, की कॉम्प्लिमेंट बेफाम झाले तरी आकडा बहुधा खालीच येतो. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन कळते: शिल्लक घटली म्हणजे खाते थंडावले असे नव्हे, उचल जोरात चालू असेल. सी-३ कमी आणि सी-४ ठीक असेल, तर संशय पर्यायी मार्गावर जातो. कधी सी-३ सुद्धा ठीक असते. मग सी-५बी-९ सारखे, व्यवहार झाल्याची पावती म्हणावे असे अवशेष शोधतात.

माझ्या एका स्नेह्याच्या मुलीचे रक्त दुसऱ्यांदा घ्यावे लागले. पहिला नमुना दुपारभर टेबलावर पडून होता. बोर्देचे द्रव्य आजही तसेच नाजूक आहे. नमुना लगेच वेगळा करून गोठवला नाही, तर तो नळीतच खोटे बोलू लागतो. आणि त्या खोट्यावर महागडे औषध ठरायचे!

बोर्देला १९१९ चे नोबेल मिळाले, डांग्या खोकल्याच्या जंतूला त्याचे नाव मिळाले. तो १९६१ मध्ये ब्रुसेल्सला वारला. सी-५ ला रोखणारे इक्युलिझुमॅब २०११ मध्ये मूत्रपिंडे बंद पाडणाऱ्या एका दुर्मिळ विकारासाठी मान्य झाले. ते घेणाऱ्याचा सीएच-५० जवळजवळ शून्यावर आला, की डॉक्टर निःश्वास टाकतात.