ध्यानचंद : गोलांच्या वहीपलीकडे

सेंटर फॉरवर्ड किती चांगला, हे आपण त्याच्या गोलांवरून ठरवतो. संघनिवडीच्या वेळीही हीच वही उघडली जाते. मी काही वर्षे सेंटर हाफच्या जागेवर खेळलो. सेंटर फॉरवर्डची पाठ मी जितकी पाहिली तितकी प्रेक्षकांनी पाहिली नसेल, आणि म्हणून ही वही मला अपुरी वाटते. साक्षीला मुद्दाम असाच माणूस घेतो की ज्याचे गोल मोजता मोजता दमछाक व्हावी.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेस झाला. वडील सैन्यात, पुढे घर झाशीला. १९२२ साली ते साधे शिपाई म्हणून पलटणीत भरती झाले आणि तेथे बाळे तिवारी या सुभेदाराने त्यांच्या हाती हॉकीचे पहिले धडे दिले. १९२६ च्या न्यूझीलंड दौऱ्यात सैन्याच्या संघाने १९२ गोल केले, त्यांत शंभराच्या आसपास एकट्या ध्यानचंदांचे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताचे २९ गोल, पैकी १४ त्यांचे. येथवर वहीचीच सरशी आहे.

पण १९३२ साल पाहा. लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेवर २४ गोल चढवले. त्यांत धाकटे बंधू रूपसिंग यांचे दहा, ध्यानचंदांचे आठ. (हेच रूपसिंग पुढे ग्वाल्हेरचे झाले, तेथील स्टेडियमला त्यांचेच नाव आहे.) मग त्या दिवशी थोरला भाऊ धाकट्याहून उणा ठरला काय? रूपसिंग इनसाइड लेफ्टला खेळत. शेजारी ध्यानचंद असताना प्रतिपक्षाच्या बॅकने लक्ष कोणावर ठेवायचे? एकाला अडवावे तर दुसरा मोकळा. ही मोकळीक कोणत्याच वहीत चढत नाही.

त्या काळचा ऑफसाइडचा नियमही ध्यानात घ्यावा. पास सुटताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन गडी असावे लागत. म्हणजे पास क्षणभर उशिरा सुटला की शिट्टी, आणि लवकर सुटला की सोबती अजून पोहोचलेलाच नाही. चेंडू स्टिकला चिकटवून धावणारे पुष्कळ असतात. तो नेमका केव्हा सोडावा हे जाणणारा विरळा. के. डी. सिंग बाबू यांची एक आठवण सांगितली जाते : ध्यानचंदांनी त्यांना पास दिला आणि गोल झाला की नाही हे न बघताच पाठ फिरवून ते चालू लागले. अशा पासावरही गोल न करणाऱ्याला आपल्या संघात जागा नाही, असे त्यांचे म्हणणे.

१९३६ च्या बर्लिनची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ध्यानचंद कर्णधार होते. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघात ध्यानचंद होते, रूपसिंगही होते. तरी फळी जुळत नव्हती. तेव्हा हिंदुस्थानातून दारा यांना तातडीने विमानाने बोलावून घेण्यात आले. इनसाइडच्या जागी ते आल्यावर उपांत्य फेरीत फ्रान्सवर दहा गोल झाले आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या सेंटर फॉरवर्डलाही शेजारी जाणता गडी लागतो, आणि तो लागतो हे कर्णधाराला कळावे लागते.

म्हणून संघ निवडताना मी गोल नंतर विचारीन. आधी पाहीन की याच्या पासावर इनसाइडला पाय थांबवावा लागतो का, आणि चेंडू गेल्यावर हा मागे वळून हाफच्या मदतीला येतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. याला वही लागत नाही, मैदानाच्या कडेला तासभर बसावे लागते.

ध्यानचंद १९५६ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी शिकवले. अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या इस्पितळात ते वारले आणि झाशीला, ज्या हीरोज मैदानावर ते खेळले, तेथेच त्यांना अग्नी देण्यात आला.