डबक चाळीतील अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; त्यामानाने त्यांच्या शालेय अभ्यासाच्या रीतीकडे फारसे लक्ष जात नाही. जन्मजात बुद्धिमत्ता म्हटले की पुढे पाहण्याची गरज उरत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

साताऱ्यास असताना या मुलाचे मन अभ्यासात नव्हते. मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम करावे, असा त्याचा बेत होता. प्रवासखर्चासाठी त्याने आत्याचा बटवा लांबवला. त्यात निघाला अवघा अर्धा आणा! त्या शरमेतून त्याने अभ्यासाचा निश्चय केला.

पुढे कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. राहण्यास एकच खोली. स्वयंपाक तेथेच, सरपण तेथेच, जाते आणि शेळीही तेथेच. दिवसा वाचायला बसण्याजोगा कोपरा मिळणे अशक्य. तेव्हा वडील रामजी सुभेदारांनी वेळच फिरवली. भीमरावांनी लवकर झोपावे, रामजींनी दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मुलाला उठवून मग स्वतः त्याच्या जागी आडवे व्हावे. पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्याशी वाचन चाले. मुलाने अवांतर पुस्तके वाचावीत हे रामजींना फारसे रुचत नसे. तरीही मागितलेले पुस्तक आणण्यासाठी ते विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण टाकीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवीत. इंग्रजीचा पाया त्यांनीच हॉवर्डच्या पुस्तकांतून आणि तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून पक्का करून घेतला होता.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मात्र असा आधार मिळाला नाही. अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. आधार मिळाला तो शाळेबाहेर. चर्नी रोडच्या बागेत हा विद्यार्थी नित्य वाचत बसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुस्कर तेथे येत. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी गुण २८२. आजच्या गुणपत्रिकांच्या मानाने सामान्यच. सर्वाधिक गुण मिळाले ते फारसीत. अभिनंदनाच्या सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर घरचा पैसा संपला, तेव्हा त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेणारेही केळुस्करच. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली.