वळणावर आठवणारा माणूस : जेम्स स्टार्ली

सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची पार बोंब आहे. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा अक्षरशः घाम फुटला. पण गेले काही महिने एक माणूस माझ्या डोक्यात घर करून बसलाय. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय तो काही बाहेर जाणार नाही, म्हणून हा प्रयत्न.

त्याचं असं झालं. माझ्या पप्पांचा एक टेम्पो आहे. गावाकडची भाजी ते पुण्याच्या मार्केट यार्डात नेतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. गाडीने जरा वेग घेतला की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलायचा. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले की हा दोन महिने येतोय, गाडी चालतेय ना, मग झालं तर!

आणि मी? मी थर्ड इयर मेकॅनिकलची विद्यार्थिनी. डिफरन्शियलची आकृती जर्नलमध्ये तीन रंगांत काढलेली, व्हायवाला चांगले मार्क मिळवलेले. पण हा आवाज त्याच डिफरन्शियलचा आहे, हे मला सुचलंसुद्धा नाही. घाटाच्या चढावर मागे खाडकन आवाज झाला आणि भरलेला टेम्पो जागच्या जागी थांबला. चाकांमागे दगड लावले आणि टोमॅटोचे क्रेट उन्हात सोडून मिस्त्रीची वाट बघत बसलो.

मिस्त्रीचाचांनी मागचं हौसिंग उघडलं. आत ऑइल जवळजवळ नव्हतंच. पिनियनच्या ऑइल सीलमधून ते थेंब थेंब गळून गेलं होतं. पिनियनचं बेअरिंग गेलेलं, क्राऊन व्हीलचे दात तुटलेले. किरकोळ किमतीच्या एका सीलपायी टेम्पो बारा दिवस उभा राहिला, कर्जाचा हप्ता चुकला आणि माझी सेमिस्टरची फी उशिरा भरली गेली. पप्पांना कोण बोलणार? खरं तर बोलणी मीच खायला हवी होती.

हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत गेले. म्हटलं, ही भानगड शोधून काढली तरी कोणी? तिथे मला जेम्स स्टार्ली भेटला.

जेम्सचा जन्म 1830 सालचा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या अल्बोर्न या खेड्यातला. वडील शेतकरी. शिक्षण फारसं नाही. पोरगा लहानपणीच शेतावर कामाला लागला. पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. असं सांगतात, की त्याने छत्रीची मोडकी काडी वापरून उंदरांचा सापळा बनवला होता. शेतात मन रमेना, म्हणून मिसरूड फुटायच्या वयातच त्याने घर सोडलं आणि लंडनजवळच्या लुईशॅम भागात माळीकाम धरलं. म्हणजे आपला हा महान इंजिनियर सुरुवातीला गवत कापत होता बरं का!

तो ज्यांच्या बागेत राबत होता ते मालक म्हणजे जॉन पेन. जहाजांची इंजिनं बनवणारे त्या काळातले बडे कारखानदार. जेम्स फावल्या वेळात लोकांची घड्याळं दुरुस्त करी. पेन यांच्या घरी एक शिवणयंत्र आलं. त्या काळी ही अगदी नवलाची आणि महागाची वस्तू. ते बिघडलं तेव्हा या माळ्याने ते उघडलं, दुरुस्त केलं, आणि ते आणखी चांगलं कसं चालेल तेही दाखवून दिलं. पेन मोठ्या मनाचे. त्यांनी शिवणयंत्रांच्या धंद्यातले आपले ओळखीचे जोशाया टर्नर यांच्याकडे त्याची शिफारस केली. 1859 च्या सुमारास जेम्स लंडनच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे थोड्याच वर्षांत टर्नर आणि स्टार्ली दोघे कॉव्हेंट्री या गावी गेले आणि तिथे त्यांनी शिवणयंत्रांची स्वतःची कंपनी काढली.

कॉव्हेंट्री हे घड्याळं बनवणाऱ्या कारागिरांचं गाव, म्हणजे बारीक कामाला हात तयारच. 1868 च्या सुमारास टर्नर यांचा पुतण्या पॅरिसहून एक विचित्र वाहन घेऊन आला. पुढच्या चाकाला पॅडल असलेली दुचाकी, जिला वेलोसिपीड म्हणत. बाकीचे नुसते बघत राहिले असतील. स्टार्लीला मात्र त्यात काय काय चुकलंय तेच आधी दिसलं! 1870 मध्ये त्याने विल्यम हिलमन यांच्याबरोबर एरियल नावाच्या हलक्या सायकलचं पेटंट घेतलं. 1874 मध्ये त्याने चाकाच्या तारा सरळ न लावता तिरप्या लावायची पद्धत काढली. आपल्या मेसबाहेर उभ्या असलेल्या सायकलींकडे जरा बघा. हबपासून तारा तिरप्या निघून एकमेकींना छेद देतात ना? ती ही कल्पना. त्यामुळे पॅडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोचतो.

आता आपल्या मुद्द्यावर येते. 1877 सालची गोष्ट. स्टार्लीने शेजारी शेजारी दोघांनी बसायची गाडी बनवली होती. एकजण एका बाजूचं चाक फिरवायचा, दुसरा दुसऱ्या बाजूचं. गोष्ट अशी सांगतात, की एकदा बापलेक तीवर बसून निघाले. मुलाच्या पायात जोर जास्त. त्याने रेटून पॅडल मारताच त्याच्या बाजूचं चाक पुढे गेलं, गाडी वळली आणि दोघेही रस्त्याकडेच्या काटेरी-खाजऱ्या झुडपांत जाऊन पडले. अंग खाजवत बसल्या बसल्या स्टार्लीच्या डोक्यात चक्रं सुरू झाली.

अडचण काय होती ते बघा. दोन्ही चाकं वेगवेगळी फिरवली तर गाडी जास्त ताकदवाल्याच्या मर्जीने भरकटते. बरं, दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर गाडी सरळ छान जाते, पण वळत नाही. शाळेतला मार्च पास्ट आठवा. रांग वळताना आतल्या टोकाची मुलगी जागच्या जागी पाय आपटते आणि बाहेरच्या टोकाची बिचारी पळत असते. गाडीचं तसंच. दोन चाकांमधलं अंतर 1.4 मीटर धरलं, तर पूर्ण एक गोल फेरी मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 8.8 मीटर जास्त चालतं. गोल लहान असो वा मोठा, फरक तेवढाच. (कॉम्प्युटरवाल्यांनी दोन पाय गुणिले 1.4 करून बघावं!) दोन्ही चाकं एकत्र बांधली तर एक चाक घासणार, नाहीतर दांडा पिळणार.

स्टार्लीचं उत्तर असं. साखळीने चाक थेट फिरवायचंच नाही. साखळीने एक पेटी फिरवायची. त्या पेटीत बेव्हल गिअर, आणि त्याच्या दोन बाजूंना प्रत्येक चाकाच्या दांड्याचा एकेक गिअर. सरळ रस्त्यावर आतले गिअर आपापसात फिरतच नाहीत, सगळं मिळून एकसंध फिरतं. वळणावर मधला गिअर स्वतःभोवती फिरू लागतो, आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते तेवढीच दुसऱ्याची वाढते. दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी मात्र पेटीच्या गतीएवढीच राहते. जोर दोघांना सारखा, गती ज्याची त्याला. मला तर हे आईच्या वाटणीसारखं वाटतं.

खरं बोलायचं तर ही कल्पना जगात पहिल्यांदा त्याची नव्हे. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी 1828 मध्ये वाफेच्या गाडीसाठी अशाच रचनेचं पेटंट घेतलं होतं. पण ती रस्त्यावरच्या साध्या माणसाच्या वाहनात आणली ती स्टार्लीने. त्याची साल्वो ही तीनचाकी इतकी गाजली की 1881 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने दोन गाड्या मागवल्या. कधीकाळचा माळी राणीसमोर उभा राहिला आणि गाडीचं नाव रॉयल साल्वो झालं. त्याच वर्षी 17 जूनला कॅन्सरने तो गेला. वय जेमतेम पन्नाशीचं. मोटारगाडी त्याने पाहिलीच नाही. कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीचं पेटंट 1886 मध्ये घेतलं, आणि तिच्यातही डिफरन्शियल होतं. स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 1885 मध्ये रोव्हर सायकल काढली, जिच्यावरून आजच्या सायकलचा घाट ठरला. त्या रोव्हर कंपनीने पुढे मोटारी बनवल्या. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली तेव्हा रोव्हर हे नावही त्यात आलं. फिरत फिरत गोष्ट आपल्यापर्यंत पोचली म्हणायची!

मला यात काय लागलं सांगू? हा माणूस यंत्रांच्या जगात शिरला तो दुरुस्तीच्या दारातून. बिघडलेलं घड्याळ, बंद पडलेलं शिवणयंत्र. आपण मात्र समजतो की डिझाइन म्हणजे इंजिनियरचं काम आणि सर्व्हिसिंग म्हणजे मिस्त्रीचं. मीही तसंच समजत होते. शाळेत पप्पांच्या हाताचं ग्रीस मैत्रिणींना दिसू नये म्हणून त्यांना गेटबाहेर थांबायला सांगणारी मीच. आज लिहितानाही लाज वाटते.

तर त्या मिस्त्रीचाचांकडून जे शिकले ते इथे देते. सिलॅबसमध्ये ते मला सापडलं नाही.

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या बहुतेक गाड्यांत क्राऊन आणि पिनियनचे दात हायपॉइड पद्धतीचे असतात. ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबून घसरतात. म्हणून त्यांना खास गिअर ऑइल लागतं. कुठलं आणि किती किलोमीटरनंतर बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. इंजिन ऑइल ओतून भागवू नये. लेव्हल बघायची तर गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लग काढायचा. साधारणपणे ऑइल भोकाच्या काठाला लागलेलं हवं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक करडी पूड दिसणं ठीक, पण दातांचे तुकडे दिसले तर समजायचं की आत काहीतरी मोडतंय. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, पावसाळ्यानंतर हे हमखास बघावं. हौसिंगवरचा छोटा ब्रीदर चिखलाने बुजला की गरम हवेचा दाब सीलवर येतो आणि गळती सुरू होते. एक्सलच्या टोकाचं सील गळलं तर ऑइल थेट ब्रेकवर जातं, आणि मग प्रश्न हप्त्याचा नाही, जिवाचा असतो. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला अगदी झिजलेला, असंही करू नये, कारण मग सरळ रस्त्यावरसुद्धा आतल्या गिअरना विश्रांती मिळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, घूंऽऽ आवाज आला की टेप मोठा करू नये, गाडी थांबवावी.

आता दर महिन्याला मी घरी फोन करते तेव्हा जेवलात का याच्या आधी मागचं ऑइल बघितलंत का असं विचारते. पप्पा हसतात. पण बघतात. मागच्या वेळी मी घरी गेले तेव्हा टेम्पोखाली पोतं अंथरून मी स्वतः प्लग काढला, ते बाजूला बॅटरी धरून बसले होते.

तुम्ही पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा घरच्या गाडीखाली एकदा वाकून बघा. जमिनीवर काळा डाग दिसला तर परत यायच्या आधी गाडी मिस्त्रीकडे नेऊन आणा.