काचवाल्याचा मुलगा आणि सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेघा

स्मरणिका समितीने मला बँकेतल्या आठवणी लिहायला सांगितलं होतं. पण बँकेतल्या आठवणी म्हणजे ताळेबंद, बदल्या आणि इन्स्पेक्शन. त्या आमच्या घरच्यांनीसुद्धा कधी पूर्ण ऐकून घेतलेल्या नाहीत, मग सभासदांवर कशाला लादू? त्याऐवजी एका अशा माणसाबद्दल लिहितो, ज्याचं नाव मी बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं आणि नोकरी लागल्यावर साफ विसरून गेलो. जोसेफ फ्राउनहोफर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा पिवळा दिवा असायचा. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून बघितलं की दोन पिवळ्या रेघा अगदी जवळजवळ दिसायच्या, एक 5890 अँगस्ट्रॉमची आणि दुसरी 5896 ची. त्यांना 'डी' रेघा म्हणायचं. जर्नल पूर्ण केलं, सही घेतली, संपलं. हा 'डी' कुठून आला, त्याच्या आधीचे ए, बी, सी कुठे गेले, हे आम्ही विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हा कळलं की ती अक्षरं ह्या माणसाने लावली आहेत, आणि हा माणूस शाळेतसुद्धा धड गेलेला नव्हता.

फ्राउनहोफरचा जन्म 6 मार्च 1787 चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या श्ट्राउबिंग गावचा. वडील खिडक्यांना काचा बसवण्याचं काम करायचे. घरात अकरा मुलं झाली, त्यातलं हे शेंडेफळ. दहाव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी वडील. पालकांनी त्याला आधी लाकूड कातणाऱ्याकडे ठेवून पाहिलं, पण पोरगा इतका किरकोळ की ते काम झेपेना. मग 1799 मध्ये म्युनिकला वाइक्सेलबर्गर नावाच्या दरबारी आरसेवाल्याकडे उमेदवारीला धाडलं. करार सहा वर्षांचा, पगार शून्य. राहायचं, खायचं, काचा घासायच्या आणि घरातली पडेल ती कामं करायची. रविवारी उमेदवारांसाठी शाळा भरत असे, तिथे जायला मालकाची परवानगी नाही. रात्री दिवा लावून वाचायलाही बंदी.

21 जुलै 1801 रोजी ते घर कोसळलं. अरुंद गल्लीतलं जुनं घर होतं ते. मालकीणबाई ढिगाऱ्याखाली सापडून गेल्या. चौदा वर्षांचा जोसेफ मात्र तुळया आडव्या पडून जी पोकळी राहिली होती तिच्यात अडकून जिवंत होता. कित्येक तास लोक वरून दगडमाती उपसत होते आणि आतून त्याचा आवाज येत होता. (आपल्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या सभेला मोजून अकरा सभासद हजर होते, हे इथे सहज आठवलं म्हणून नमूद करतो.) बातमी ऐकून बव्हेरियाचा राजा, त्या वेळचा इलेक्टर मॅक्सिमिलियन, स्वतः त्या जागी येऊन उभा राहिला. मुलगा बाहेर निघाल्यावर त्याने त्याला अठरा सोन्याची नाणी बक्षीस दिली. उट्झश्नायडर नावाचे एक दरबारी गृहस्थ होते, उद्योगधंद्यात पैसा घालणारे. त्यांनीही मुलाकडे लक्ष दिलं आणि गणिताची, प्रकाशशास्त्राची पुस्तकं दिली.

अठरा मोहरा एकदम हातात आल्यावर चौदा वर्षांचा अनाथ मुलगा काय करेल? ह्याने काच घासायचं यंत्र घेतलं. आणि उरलेल्या पैशातून उमेदवारीचे शेवटचे सहा महिने मालकाकडून चक्क विकत घेऊन स्वतःची सुटका करून घेतली. बँकेत इतकी वर्षं कर्जाचे अर्ज तपासले, पण पैशाचा इतका नेमका विनियोग मी क्वचित पाहिला! अर्थात सगळंच जमलं असं नाही. व्हिजिटिंग कार्डं कोरून द्यायचा धंदा त्याने काढला, पण दिवस युद्धाचे होते, गिऱ्हाईक मिळेना. तो धंदा बुडाला आणि त्याला पुन्हा जुन्याच मालकाकडे, पण ह्या वेळी पगारी कारागीर म्हणून, जावं लागलं.

1806 मध्ये उट्झश्नायडर यांनी त्याला आपल्या कारखान्यात घेतलं. जमीन मोजणीची आणि खगोलशास्त्राची उपकरणं तिथे बनत. पुढे काचेची भट्टी आणि भिंगांचं काम बेनेडिक्टबॉयर्न इथल्या एका जुन्या मठात होतं. सरकारने मठ ताब्यात घेऊन विकले होते, त्यातला तो एक. भट्टीवर गिनाँ नावाचा स्विस कारागीर होता. चांगल्या भिंगाची काच आतून एकजीव लागते. तिच्यात बुडबुडे नकोत आणि पाकाच्या तारेसारख्या शिरा नकोत. वितळलेली काच ढवळायची कशी, ही गिनाँची विद्या आणि ते कारखान्याचं गुपित. फ्राउनहोफर ते शिकला आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या पुढे गेला. तेव्हा तो पंचविशीतही नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुर्बिणीचं साधं भिंग रंगांची झालर दाखवतं, कारण काच निळा प्रकाश जास्त वाकवते आणि तांबडा कमी. दोन वेगवेगळ्या काचांची भिंगं जोडली की ही झालर जाते, पण त्यासाठी प्रत्येक काच कुठल्या रंगाला किती वाकवते हे अचूक माहीत हवं. अडचण अशी की इंद्रधनुष्यात हिरवा कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो ते कोण सांगणार? खुणा नसलेल्या पट्टीने कापड मोजायचं तसं ते. दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहताना त्याला पिवळ्या भागात एक ठळक तेजस्वी रेघ दिसली, ती नेहमी एकाच जागी. ही खूण वापरता येईल असं त्याच्या मनात आलं. मग सूर्यप्रकाशातही ती असते का, हे बघायला त्याने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेत बारीक फट ठेवली, चोवीस फुटांवर मोजणीची दुर्बीण लावली आणि तिच्यापुढे लोलक ठेवला.

तेजस्वी रेघ दिसली नाही. दिसल्या त्या असंख्य काळ्या रेघा. रंगांच्या पट्ट्यावर जागोजागी उभ्या, काही जाड, काही केसासारख्या. साल 1814. त्याच्या बारा वर्षं आधी इंग्लंडात वॉलस्टनने पाचसात रेघा पाहिल्या होत्या, पण त्या रंगांच्या हद्दी असाव्यात असं समजून तो थांबला. फ्राउनहोफर थांबला नाही. त्याने 574 रेघा मोजल्या, त्यांचा नकाशा स्वतः काढला आणि ठळक रेघांना तांबड्या टोकापासून ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. दिव्यातल्या पिवळ्या रेघेच्या नेमक्या जागी सूर्यात जी काळी जोडरेघ होती, ती डी. आमच्या जर्नलमधली!

उपकरणाचा दोष असेल असं कोणी म्हणेल म्हणून त्याने फट बदलली, लोलक बदलले, रेघा जागच्या हलल्या नाहीत. शुक्राचा प्रकाश पाहिला तर सूर्याच्याच रेघा. साहजिकच आहे, शुक्र सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो. व्याधाच्या ताऱ्यात मात्र वेगळंच दिसलं, तीन रुंद काळे पट्टे, सूर्याशी न जुळणारे. म्हणजे रेघा आपल्या हवेत किंवा काचेत तयार होत असत्या तर सगळीकडे सारख्या आल्या असत्या. त्या प्रकाशाच्या उगमाशीच संबंधित असणार, एवढं त्याने ओळखलं. का होतात ते त्याला कळलं नाही आणि त्याने उगाच तर्कही लढवले नाहीत. भिंगं मोजायला पट्टी मिळाली, कामाला लागला. मला यात त्याचा कमीपणा वाटत नाही.

ते 'का' उलगडायला त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षं लागली. 1859 मध्ये हायडेलबर्गला किरखॉफने सूर्यप्रकाशाच्या वाटेत मीठ घातलेली ज्योत ठेवली. त्याला वाटलं होतं, ज्योतीचा पिवळा उजेड त्या काळ्या डी रेघेत भरून ती नाहीशी होईल. सूर्यप्रकाश मंद ठेवला तेव्हा तसं झालंही. पण प्रकाश प्रखर केला तर रेघ उलट आणखी काळी झाली. म्हणजे सोडियमची वाफ जो पिवळा उजेड बाहेर टाकते, तोच उजेड समोरून आला तर गिळतेसुद्धा. सूर्याच्या बाहेरच्या, जरा थंड थरात सोडियम आहे आणि तो खालून येणाऱ्या प्रकाशातला स्वतःचा वाटा काढून घेतो. पृथ्वीवर बसून सूर्यात काय आहे ते कळलं.

मग अणूच्या आत काय चालतं, ते 1913 मध्ये नील्स बोरने सांगितलं. माझ्या भाषेत सांगायचं तर अणू हा अतिशय काटेकोर कॅशियर आहे. त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहता येतं. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला जेवढी ऊर्जा लागते नेमकी तेवढीच घेऊन प्रकाश आला तर तो स्वीकारतो. थोडी कमी चालत नाही. थोडी जास्तही चालत नाही, कारण सुटे परत करायची सोय नाही. घेतलेली रक्कम तो फार वेळ ठेवत नाही. सोडियमच्या बाबतीत सेकंदाचे दहा कोटी भाग केले तर त्यातले एक-दोन भाग, की इलेक्ट्रॉन खाली येतो आणि तेवढाच प्रकाश परत बाहेर पडतो.

इथे शंका येते, मलाही आली होती. परत टाकतो तर रेघ काळी का? कारण तो आलेल्या दिशेने पुढे देत नाही, वाट्टेल त्या दिशेला फेकतो. आपल्याकडे सरळ येणाऱ्या प्रकाशात त्या रंगाची तूट पडते. रेघ खरं तर पूर्ण काळी नसतेच, शेजारच्या उजेडाच्या मानाने ती काळी दिसते.

घेतलेलं जसंच्या तसं परत न करणारे पदार्थही असतात. बँकेत नोटा तपासायला जांभळट दिवा असतो. त्याखाली खऱ्या नोटेवरचे नंबर चमकतात. ती शाई डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेते, त्यातली थोडी ऊर्जा आत मुरते आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर येते. हजारो नोटा त्या दिव्याखालून काढल्या, पण त्या वेळी ही डोक्यात आली नव्हती.

फ्राउनहोफरच्या यादीतल्या सी आणि एफ रेघा हायड्रोजनच्या निघाल्या, एच कॅल्शियमची. ए आणि बी मात्र सूर्याच्या नाहीतच, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या आहेत. आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला जान्सेन, तर पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल, असे लोक दुर्बिणी लावून बसले होते. त्यांना सूर्याच्या कडेवर डी च्या जवळ एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमची नव्हती. त्याच रेघेवरून हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गला सहलीला गेलात तर तिथे साहेबाचे कट्टे दाखवतात आणि लॉकियरने हेलियम इथेच शोधला असं सांगतात. लॉकियर 1868 ला इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गला तो खरोखर आला तो तीस वर्षांनी, जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे, एवढंच.

रेघा सापडल्यावर पुढची बारा वर्षं फ्राउनहोफरने नुसतं काम केलं. दोन स्क्रूंच्या आट्यांमध्ये बारीक तारा ताणून त्याने जाळी तयार केली, पुढे हिऱ्याच्या टोकाने काचेवर रेघोट्या ओढल्या, आणि त्या जाळीने प्रकाशाची तरंगलांबी मोजली. आमच्या प्रयोगातलं ग्रेटिंग ते हेच. 1824 मध्ये दोर्पातच्या वेधशाळेला त्याने 24 सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण दिली, त्या काळी अशा दुर्बिणींत ती जगात सगळ्यात मोठी. घड्याळाच्या यंत्रावर ती ताऱ्यामागे आपोआप फिरायची. तिच्यातून स्ट्रूव्हने तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी केली. त्याच बनावटीच्या बर्लिनच्या दुर्बिणीतून 1846 मध्ये नेपच्यून सापडला.

एवढं असूनही म्युनिकच्या अकादमीत त्याला घ्यायचं म्हटल्यावर काही सभासदांनी हरकत घेतली. ह्याच्याकडे पदवी नाही, हा कारागीर, विद्वानांच्या पंगतीत कसा बसवायचा? शेवटी दुय्यम प्रकारचं सभासदत्व मिळालं. पुढे 1823 मध्ये अकादमीच्या भौतिकी संग्रहाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि 1824 मध्ये सरदारकी मिळून नावात 'फॉन' लागला. काचेची कृती मात्र कारखान्याचं गुपितच राहिली. पाहुण्यांना बाकी सगळं दाखवत, भट्टी नाही. प्रगतीच्या दृष्टीने ते बरं नव्हतं असं मला वाटतं, पण धंदा चालवणाऱ्याची बाजूही समजते.

प्रकृती लहानपणापासूनच तोळामासा, त्यात भट्टीजवळचं आयुष्य. लग्न केलं नाही. क्षयाने तो 7 जून 1826 रोजी गेला, वय एकोणचाळीस. ज्याच्या कारखान्यात तो लागला होता तो रायखेनबाख दोन-अडीच आठवडेच आधी वारला होता, दोघांना शेजारी शेजारी पुरलं. कोनिग्सबर्गच्या वेधशाळेसाठीचं एक उपकरण अर्धवट राहिलं होतं, ते कारखान्याने नंतर पुरं केलं. त्याच्यावर 1838 मध्ये बेसेलने पहिल्यांदा एका ताऱ्याचं अंतर मोजलं.

घरी गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, ती ह्याच डी रेघेमुळे, मिठातल्या सोडियममुळे. आपल्या आवारातले पिवळे दिवे काढून एलईडी लावले तेव्हा विजेचं बिल कमी झालं, हे खजिनदारांचं म्हणणं बरोबर आहे. पण जुन्या सीडीवर त्या पिवळ्या दिव्याचा उजेड घेतला की जवळजवळ नुसता पिवळाच पट्टा दिसायचा, एलईडीचा घेतला तर सलग इंद्रधनुष्य दिसतं. मागच्या गेटसमोर रस्त्यावर अजून एक पिवळा दिवा आहे. मुलांना फरक बघायचा असेल तर रविवारी सात वाजता गेटपाशी यावं. सीडी मी आणतो. सूर्याकडे मात्र कोणी थेट बघायचं नाही.