संस्कृत नाकारलेल्या मुलाचे संविधान

मुलाने कोणती भाषा शिकायची, हे या देशात त्याची जात ठरवीत असे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपाई नसला की पाण्यावाचून राही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत तो पुढे स्वबळावर शिकला.

हाच मुलगा १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी मोफत शिक्षण प्राथमिकपुरतेच ठेवण्याची सूचना संविधान सभेत आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात राबवायचे नसेल, तर त्या वयापर्यंत त्याची जागा शाळेतच हवी, हा त्यांचा युक्तिवाद होता. ८ डिसेंबरला त्यांनी भाषेचा प्रश्न मांडला. बंगालात स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही आपली भाषा जपण्याचा हक्क असला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. कलम २९ ने सरकारी व अनुदानित शाळेत जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली. जात आणि भाषा एकाच वाक्यात आली!

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातील गोरगरिबांच्या मुलांना दार उघडले. त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या महिनाभर आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, कलम ३५० क अमलात आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय द्यावी, असे ते सांगते. शिक्षण मूलभूत हक्क म्हणून लागू व्हायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

आता जालना जिल्ह्यातल्या तांड्यावरचे मूल पाहा. घरात गोरबोली, शाळेत पहिल्याच दिवशी प्रमाण मराठी. त्यात आईबाप ऊसतोडीला निघाले की तेही पाचटात. त्याला दारात कोणी अडवत नाही; पण भाषा कळली नाही आणि निम्मे वर्ष फडावर गेले, तर उघड्या दाराचा उपयोग काय? बाबासाहेबांच्या जयंतीला मिरवणूक जरूर काढू. पण आपल्या वस्तीतले कोणते मूल आज शाळेत नाही, हे आधी मोजू. जय भीम!