हाताआडचा दिवा

नवापूरजवळच्या चिंचपाड्याला बदली होऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलगा तापाने फणफणलेला, त्यात वीज गेलेली. सौ. हाताचा आडोसा धरून दिवा घेऊन आली आणि मला हळदणकरांचे चित्र आठवले.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईत नावारूपाला आले, १९६८ साली गेले. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपल्या कन्येलाच उभे करून जलरंगात ‘ग्लो ऑफ होप’ रंगवले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात! त्या स्त्रीचा चेहरा शांत आहे. उजेड बोटांतून लालसर झिरपतो. काळजी आणि आशा दोन्ही त्या आडव्या हातात आहेत, हे मला त्या रात्री कळले.

पहाटे ताप उतरला.